आईचं आजारपण आणि आम्ही तिघं भावंडं: कामाची वाटणी बसायला लागलेले साडेसात महिने

हे लिहायला बसलोय कारण मार्च-एप्रिलमध्ये मी रात्र रात्र मोबाईलवर हेच शोधत होतो, की आईवडिलांपैकी कुणी एकदम परावलंबी झालं तर भावंडांनी काम वाटून कसं घ्यायचं, आणि जे मिळायचं ते सगळं 'एकमेकांना समजून घ्या' या छापाचं. समजून तर आम्ही घेतच होतो. पण सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून आमच्याकडे जे झालं ते तारखांसकट आणि चुकांसकट लिहितोय, कुणाला त्यातलं थोडं जरी उपयोगी पडलं तरी बरंय.

आम्ही तिघं. ताई सगळ्यात मोठी, आईच्या घरापासून वीस मिनिटांवर राहते. मी मधला, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. धाकटा परदेशात, आपल्याकडे रात्र असते तेव्हा त्याच्याकडे दिवस (हे लक्षात ठेवा, पुढे याचा आम्हाला फार उपयोग झाला). बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई ७६ ची, एकटी राहायची आणि तिला तसंच आवडायचं.

९ जानेवारीला सकाळी ताई सहज आईकडे गेली तर आईचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उचलत नव्हता, शब्द जुळत नव्हते. ताईने एक मिनिट वाया घालवलं नाही. हा स्ट्रोक होता, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून आलेला पक्षाघात. ती गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला. आई साडेसातला शेजारच्या काकूंशी नीट बोलली होती, ते काकूंनी घड्याळ सांगून सांगितलं आणि त्यामुळे इंजेक्शन मिळालं. मी त्याच रात्री निघालो, दुसऱ्या दिवशी पोचलो, नऊ दिवस राहिलो. हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलो, बिलं भरली, डॉक्टरांशी बोललो आणि १९ तारखेला रजा संपली म्हणून परत आलो. आईला डिस्चार्ज मिळाला २१ ला.

या दोन दिवसांचा मी नंतर खूप विचार केलाय. हॉस्पिटलमध्ये नर्स असतात, बेल असते, सगळे नातेवाईक भेटायला येतात. खरं काम सुरू होतं पेशंट घरी आल्यावर, आणि नेमका तेव्हा मी नव्हतो. ज्यांना मोजून रजा मिळते त्यांना मी आता सांगतो, शक्य असेल तर निम्मी रजा डिस्चार्जनंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी फिजिओनी एक फॉर्म भरला होता, बार्थेल इंडेक्स म्हणतात, १९६५ पासून वापरात आहे. खाणं, आंघोळ, कपडे, संडास-बाथरूम, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिने अशा दहा गोष्टी माणूस स्वतःहून किती करू शकतो त्याला १०० पैकी मार्क. आईला ३५. तो कागद फाईलला लागला आणि आम्ही कुणी नीट वाचलाही नाही. त्याचा अर्थ असा होता की दिवसातल्या जवळपास प्रत्येक हालचालीला तिला दुसरं माणूस लागणार आहे, आणि ते दुसरं माणूस कोण हे आम्ही तिघांनी बसून कधी ठरवलंच नाही. जी जवळ होती तिच्यावर ते आलं.

फेब्रुवारी आणि मार्च मी रोज संध्याकाळी फोन करायचो. दर महिन्याला पैसे पाठवायचो, धाकटाही पाठवायचा. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी मी म्हणायचो, "ताई, काही मदत लागली तर सांग हं." मला मनापासून वाटायचं की मी माझा वाटा उचलतोय.

२२ मार्चला रात्री पावणेबाराला ताईचा फोन आला. आधी मला वाटलं आईला काही झालं. ताई शांतपणे म्हणाली, "मला मदत नकोय. मदत मागायची म्हणजे काय लागतंय ते मीच लक्षात ठेवायचं, मीच तुला सांगायचं, तू केलंस का ते मीच परत बघायचं. मला हे काम माझं एकटीचं नकोय." मग तिने एका वहीचे फोटो पाठवले. जानेवारीपासून ती त्यात रोजचं लिहीत होती. गोळ्यांच्या वेळा, बीपी, रात्री किती वाजता कूस बदलली, कुठली पट्टी संपत आली, कुणाला फोन करायचाय. एका पानावर मध्येच लिहिलं होतं, 'पाठ, डॉक्टरला दाखवणे', आणि ती ओळ पुढच्या आठवड्यात परत होती, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. आईला उचलून उचलून तिची कंबर धरली होती आणि सहा आठवडे तिला स्वतःला दाखवायला वेळ मिळाला नव्हता. नोकरी तिने फेब्रुवारीतच अर्धवेळ केली होती, ते आम्हाला कळलं होतं पण त्याचा हिशोब कुणीच मनात केला नव्हता.

त्या आठवड्यात धाकट्याने एक प्रश्नावली शोधून पाठवली. झारिट नावाची आहे, सांभाळणाऱ्या माणसावर किती ताण आहे ते मोजायची, २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त ८८. आम्ही तिघांनी वेगवेगळी भरली. धाकट्याचे ९ आले, माझे ११, ताईचे ४७. चाळीसच्या पुढे मध्यम ते तीव्र ताण धरतात. एकच आई, आणि तिघांचे हे आकडे. ज्यांच्याकडे 'तूच जास्त करतेस असं तुला वाटतं' अशी वादावादी चालते त्यांनी वाद थांबवून आधी हे भरावं, कारण आकडा समोर आल्यावर मला बोलायला काही उरलंच नाही.

मी ऑफिसात बोललो, अर्धी रजा अर्धं घरून काम असं मिळवलं आणि ५ ते २६ एप्रिल आईकडे राहिलो. अट एकच होती, ताईने या तीन आठवड्यांत यायचं नाही. पहिले चार दिवस ती रोज पाच-सहा फोन करायची, मग हळूहळू कमी झाले. आईला आंघोळ घालायला मी असणं तिला अवघड जाईल म्हणून सकाळी एक तास एक मावशी लावल्या, बाकी सगळं माझ्याकडे.

पहिल्याच सकाळी मी आईला ब्लाउज बदलायला घेतलं आणि चांगला हात आधी बाहीत घातला. मग उजवा हात, जो स्वतःहून हलत नाही, तो दुसऱ्या बाहीत जाईचना. मी ओढायला लागलो, आईचा चेहरा कळवळला, पण तिला शब्द सापडेना, ती नुसतं "अं… अं… नाही" म्हणत राहिली. मावशी स्वयंपाकघरातून आल्या, सगळं परत उतरवलं आणि म्हणाल्या, "दुखरा हात घालताना आधी, काढताना शेवटी." एवढंच. तीन महिने ताई हे रोज करत होती आणि मला हे एक वाक्य माहीत नव्हतं. दुसरं फिजिओनी बजावलं, उठवताना पेशंटला लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, त्या बाजूचा खांदा निखळू शकतो. कंबरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरायचं आणि स्वतः गुडघ्यात वाकायचं, पाठीतून नाही. हे ताईला डिस्चार्जच्या वेळी कुणी शिकवलं असतं तर तिची कंबर वाचली असती. डिस्चार्जच्या आधी फिजिओकडून घरच्या सगळ्यांनी प्रत्यक्ष करून शिकून घ्या, हात जोडून सांगतो.

दुसऱ्या आठवड्यात मी तास मोजले. आठवड्याचे १६८ तास. त्यातले ५८ प्रत्यक्ष आईला हात लावून करायच्या कामाचे. १९ तास फोन, औषधाचं दुकान, रांगा, आठवण ठेवणं, कुणाची तरी वाट बघणं. झोप ३८ तास, तीही तुकड्यातुकड्यात, कारण स्वतःहून कूस बदलता येत नाही अशा पेशंटला दर दोन तासांनी वळवायला सांगितलेलं असतं. ४४ तास असे की मी काही करत नव्हतो पण घर सोडूनही जाऊ शकत नव्हतो. आणि उरलेले ९ तास माझे. हे ४४ तास बाहेरून कुणालाच दिसत नाहीत. फोनवर विचारलं "काय करतेयस" तर उत्तर "काही नाही, बसलेय" असंच येणार. २५ एप्रिलला मी ती प्रश्नावली परत भरली. तीन आठवड्यांत माझे ११ चे ३८ झाले होते.

मग वाटलं आता आपल्याला कळलंय, आता मीटिंग घेतली की होईल. २ मेला तिघांनी व्हिडिओ कॉल केला आणि तो पंचवीस मिनिटांत भांडणात संपला. सुरुवात कामाच्या यादीने झाली आणि दहाव्या मिनिटाला कुणाच्या शिक्षणावर किती खर्च झाला, बाबांच्या शेवटच्या दिवसांत कोण आलं नाही, लग्नात काय झालं, असं सगळं वर आलं. धाकटा म्हणाला की तुम्ही मला फक्त पैशाचं मशीन समजता, ताई रडायला लागली, मी चढ्या आवाजात दोघांना गप्प करायला गेलो आणि अजून वाढवलं. दहा दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. ते दहा दिवस फार वाईट होते.

यातून बाहेर काढलं ते हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेविकांनी. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत हे पद असतं आणि बऱ्याच लोकांना ते माहीत नसतं, मलाही नव्हतं, फिजिओनी सुचवलं. अपॉइंटमेंटला आठ दिवस वाट बघावी लागली, वेगळी फी नव्हती. १७ मेला मी आणि ताई समोर, धाकटा स्क्रीनवर, असं एक तास वीस मिनिटं बसलो. त्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या. एक, जुना हिशोब खरा असेल, महत्त्वाचाही असेल, पण तो या टेबलावर नाही, त्यासाठी वेगळा दिवस ठरवा. दोन, 'मदत' हा शब्द आजपासून बंद. जे काम ज्याचं, ते पूर्ण त्याचं, म्हणजे लक्षात ठेवण्यापासून ते पार पडेपर्यंत, आणि नाही जमलं तर पर्याय शोधणंही त्याचंच. ताई मार्चमध्ये हेच म्हणाली होती. पण बाहेरच्या माणसाने सांगितल्यावर ते आमच्या गळी उतरलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. "आईंना विचारलंत का?" आम्ही म्हटलं, तिला बोलता येत नाही. त्यांनी समजावलं की आईला जे झालंय त्याला अफेजिया म्हणतात, मेंदूचा भाषेचा भाग दुखावला जातो, बुद्धी तशीच असते, आणि आईच्या बाबतीत समजणं बरंच शाबूत आहे, अडतं ते शब्द बाहेर काढताना. विचारायची पद्धत बदला. प्रश्न छोटे, हो-नाहीचे, किंवा समोर पर्याय ठेवा आणि थांबा, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

दुसऱ्या दिवशी ताईने चिठ्ठ्या केल्या. एका रंगाच्या चिठ्ठ्यांवर कामं, दुसऱ्या रंगाच्यांवर माणसं. मांडीवर ट्रे ठेवला. आईने डाव्या हाताने 'आंघोळ' उचलली आणि कितीतरी वेळ धरून बसली. मला ताईचा चेहरा दिसत होता, तिला वाटत होतं आई आता तिचंच नाव घेणार, कारण एप्रिल सोडला तर तीच घालत होती. आईने 'आंघोळ' ठेवली 'मावशी'वर. मग 'ताई' ही चिठ्ठी उचलली, ट्रेवरच्या एकाही कामाजवळ ठेवली नाही, खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं, जिथे पूर्वी दोघी संध्याकाळी बसायच्या, आणि म्हणाली, "इथे… बस." ताई उठून आत निघून गेली. साडेतीन महिने ती आंघोळीचं काम परक्या बाईला द्यायचं नाही म्हणून स्वतःची पाठ मोडत होती, आणि आईला ते नकोच होतं. आईला मुलगी गप्पांना हवी होती.

वाटणीची पद्धत धाकट्याने काढली. त्याला आकड्यांची आवड आहे, त्याने सांगितलं की न्याय्य वाटणी कशी करावी यावर ह्यूगो स्टाइनहाउस नावाच्या पोलिश गणितज्ञाने १९४८ मध्ये लेखच लिहिलाय, आणि त्यातली मूळ गोष्ट साधी आहे, एकच वस्तू प्रत्येकाला वेगवेगळ्या मोलाची वाटते, म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या मापाने आपल्याला ठीक मिळालं असं वाटलं की झालं. आम्ही ते ओझ्याला लावलं. सगळी कामं लिहून काढली, चौदा झाली. प्रत्येकाने आपापले १०० गुण त्या चौदा कामांवर वाटायचे, जे जास्त जड वाटतं त्याला जास्त, आणि एकमेकांचं न बघता. मग तिन्ही कागद शेजारी ठेवले. विम्याच्या कागदपत्रांना ताईने १७ गुण दिले होते, धाकट्याने ३. मावशी न आल्यास ऐनवेळी बदली शोधण्याला ताईचे १४, माझे ५. आणि रात्री फोन घेण्याला ताईचे १९, माझे १२, धाकट्याचे २, कारण त्याची ती दुपार असते!

हे आम्हाला चार महिने सुचलं नव्हतं. १ जूनपासून रात्रीच्या मावशी ठेवल्या आणि त्यांना सांगितलं, काहीही विचारायचं असलं तर पहिला फोन धाकट्याला. तो व्हिडिओवर बघतो, बीपी विचारतो, त्याच्याकडे एक छापलेला कागद आहे, कुठल्या लक्षणाला थेट अ‍ॅम्ब्युलन्स, कुठल्याला ताईला उठवायचं आणि कुठलं सकाळपर्यंत थांबू शकतं. तो कागद डॉक्टरांकडून तपासून घेतलाय. जूनमध्ये ताईला रात्री दोनदाच उठावं लागलं.

बाकीचं साधारण असं बसलं. विमा, ऑनलाइन बिलं, डायपर-पट्ट्या मागवणं, अपॉइंटमेंट घेणं आणि रोज अर्धा तास व्हिडिओवर आईकडून बोलण्याचा सराव करून घेणं धाकट्याकडे. औषधं, बँक आणि कायदेशीर कागद, मावशींची नेमणूक, सुट्ट्या, बदली हे माझ्याकडे, शिवाय महिन्यातले पाच दिवस मी आईकडे राहायचं, डॉक्टरांच्या तारखाही त्याच पाच दिवसांत. ताईकडे रोजची एक फेरी, व्यायामावर लक्ष, अचानक काही झालं तर पोचणं, आणि संध्याकाळची खुर्ची. प्रत्येकाच्या स्वतःच्या गुणांनी ताईवर ३६ आले, माझ्यावर ३१, धाकट्यावर २७. समान नाही झालं, जवळ राहणाऱ्यावर थोडं जास्त येणारच. पण तिघांनी मान्य करून आलंय.

एक नियम माझ्या बायकोने घालायला लावला आणि बरं झालं. माझ्या वाट्याचं काम ते माझं, मला वेळ नाही म्हणून ते तिच्याकडे सरकणार नाही, आणि तसंच ताईचं भाऊजींकडे. तोपर्यंत भाऊजी आठवड्यातून तीन रात्री आईकडे झोपत होते आणि त्यांचं नाव एकाही यादीत नव्हतं.

पैशाचं बोलणं सगळ्यात अवघड गेलं. शेवटी ठरलं ते असं, आईचा खर्च आधी आईच्याच पेन्शनमधून आणि ठेवींतून, कारण ते पैसे तिच्यासाठीच आहेत, वारसांसाठी राखून ठेवायचे नाहीत. कमी पडेल तो भाग आम्ही तिघांनी सारखा वाटून घ्यायचा नाही, प्रत्येकाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात घ्यायचा. धाकटा निम्मा, मी ३५ टक्के, ताई १५. आणि ताईची नोकरी अर्धवेळ झाल्याने जो पगार बुडतो त्यातला अर्धा तिला दरमहा याच खर्चात धरून द्यायचा. ताई भडकली. "आईला सांभाळायचे पैसे घेऊ मी?" मी म्हटलं, सांभाळायचे नाहीत, बुडालेल्या पगाराचे आहेत, तू ते आत्ताही भरतेसच, फक्त एकटी भरतेयस. ती दोन आठवडे नाही म्हणाली. मग आईला विचारलं, हो की नाही, आणि आईने लगेच मान हलवली. हे सगळं एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या, दर महिन्याचा हिशोब शीटमध्ये सगळ्यांना दिसतो. लिहून ठेवाच, आज प्रेमाने दिलेलं पाच वर्षांनी कुणाला तरी 'तिने आईकडून पैसे घेतले' असं वाटू शकतं.

आता कागदपत्रांचं, कारण यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. आईचा उजवा हात गेल्याने सही गेली. ठेव मोडायचा फॉर्म बँकेने सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवला. तिसऱ्या फेरीला कळलं की अंगठा साक्षीदारांसमोर चालतो आणि पेशंटला येणं शक्य नसेल तर अर्ज दिल्यावर अधिकारी घरी येऊ शकतात. अर्ज ते भेट, १९ दिवस. त्याच वेळी खात्यात ताईचं नाव जोडलं. पहिल्या फेरीलाच 'सही करता येत नाही, अशा खातेदारासाठी काय पद्धत आहे' असं सरळ विचारलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. कुलमुखत्यारपत्रासाठी डॉक्टरांचा दाखला लागला की आईला समजतंय, फक्त बोलता येत नाही, तो मिळायला ११ दिवस. हे काम पुढे ढकलू नका, माणसाला समजत असेपर्यंतच ते करता येतं, आणि साधं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेल्यावर बऱ्याच ठिकाणी उपयोगाचं राहत नाही, तेव्हा तुमच्याकडे काय नियम आहे ते वकिलाला विचारून घ्या. विम्याचा दावा दोनदा परत आला, कारण डिस्चार्जच्या कागदावर अ‍ॅडमिशनची तारीख एका ठिकाणी ९ आणि एका ठिकाणी ८ पडली होती. हॉस्पिटल सोडण्याआधी त्या कागदावरचं नाव, वय, तारखा, कुठली बाजू लुळी पडली ते सगळं शब्दन् शब्द वाचा. कागद दिल्यापासून पैसे येईपर्यंत ७४ दिवस लागले.

जुलैत माझ्याकडून मोठी चूक झाली. औषधं माझ्याकडे होती आणि ऑफिसच्या गडबडीत मी बीपीच्या गोळीची पुढची खेप मागवायला विसरलो. दोन दिवस आईला ती गोळी मिळाली नाही. स्ट्रोक झालेल्या माणसाला बीपीची गोळी चुकणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. ताईला डबी रिकामी दिसली, तिने दुकानातून गोळ्या आणल्या, डॉक्टरांना विचारलं, आणि मग मला फोन केला. मला वाटलं आता ती म्हणणार, दे, मीच बघते. ती म्हणाली, "आजच्यापुरती आणलीय. पुढचं तू बघ." तिने ते काम परत घेतलं नाही, हे तिच्यासाठी सोपं नव्हतं हे मला आवाजावरून कळत होतं. त्या दिवसापासून सात दिवसांचे कप्पे असलेली डबी, दर रविवारी मावशी भरतात आणि मला फोटो टाकतात, आणि कुठलीही गोळी दहा दिवसांची उरली की मागवायची, असं लावलंय. परत चुकलेलं नाही.

२४ ऑगस्टला आम्ही पहिला आढावा घेतला. आईचा बार्थेल ३५ वरून ६५ झालाय, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालते. ताईचे झारिटचे ४७ चे २९ झाले, धाकट्याचे ९ चे १८, माझे मार्चमधल्या ११ चे २४. म्हणजे आमचे दोघांचे वाढलेत आणि तसंच व्हायला हवं होतं. ताईने कंबर दाखवली, तिचे व्यायाम चालू आहेत. ऑगस्टच्या सुरुवातीला ती आणि भाऊजी चार दिवस बाहेर जाऊन आले, त्या चार दिवसांत तिने आईला रोज एकदाच फोन केला, गप्पा मारायला.

सगळं सुटलेलं नाही. रात्रीच्या मावशींना महिन्यातून दोन रात्री सुट्टी हवीय, ती त्यांना मिळायलाच हवी, आणि त्या दोन रात्री माझ्या पाच दिवसांत दर वेळी बसतीलच असं नाही. धाकटा वर्षातून एकदा महिनाभर येऊन राहतो म्हणालाय, त्याची रजा मंजूर व्हायचीय. ताईने तिचे गुण परत वाटून बघायचे म्हटलंय, कारण आई चालायला लागल्यापासून पडण्याची भीती वाढलीय आणि ते ओझं जूनच्या कागदावर नव्हतं. पुढचा आढावा २३ नोव्हेंबरला ठेवलाय. या वेळी ट्रे घेऊन आईही बसणार आहे, तिने तसं डाव्या हाताने कॅलेंडरवर गोल करून सांगितलंय.